बेकायदा सूचना

आमच्या घरावर आजवर कुणी कायदा मोडल्याचा आरोप केला नव्हता. तो पहिल्यांदा केला एका संगणकाने, आणि तोही बाबांच्या देखत. २०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर येळ्ळूरचा पाऊस कौलांवर ताशा वाजवत होता, राजहंसगड ढगात गडप झाला होता, आणि मी नव्याने आणलेल्या जुन्या संगणकासमोर बसून आमच्या प्रकल्पाचा श्रीगणेशा करीत होतो. पहिलीच ओळ दिली, कळ दाबली, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन शब्द उमटले: 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. पुढे 'कोअर डम्प्ड' असेही काहीसे होते, पण बाबांची नजर पहिल्याच शब्दावर अडकली.

"इल्लीगल म्हणजे बेकायदा न्हवं काय रे?" बाबांनी विचारले. इंग्रजी त्यांना फारसे येत नाही, पण हा शब्द नोटिसांवर पाहिलेला. "चोरीचा माल गळ्यात घातला न्हाई न्हवं कुणी?"

हसण्याची सोय नव्हती. चार महिने डेअरीचे बिल बाजूला टाकून जमवलेल्या साडेपाच हजारांत तो संगणक बेळगावातून घेतला होता. एस. टी.च्या गर्दीत तो मांडीवर घेऊन मी वडगावमार्गे येळ्ळूरला आलो, तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले होते, "लग्नात नवरीबी एवढी जपून आणत न्हाईत." आता ती नवरी पहिल्याच दिवशी माहेरची खोड दाखवू लागली होती.

प्रकल्प काय होता ते थोडक्यात सांगतो. आमच्याकडे भात हेच सर्वस्व. बेळगाव बासमती म्हणून ओळखला जाणारा सुवासिक भात आता थोड्याच वावरांत राहिला आहे, बाकी इंद्रायणी आणि इतर वाण. या सगळ्यांना करपा छळतो. पानावर डोळ्याच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखी आणि कडेला तपकिरी असे ठिपके पडतात. नवख्या माणसाची यात आणि साध्या तपकिरी ठिपक्यांच्या रोगात गफलत होते, आणि मग भलत्याच औषधाची फवारणी होते. पानाचा फोटो पाहून संगणकाने 'हा करपा' किंवा 'हा करपा नव्हे' एवढे सांगावे, ही आमची कल्पना. आमची म्हणजे माझी आणि बैलहोंगलकडच्या माझ्या मित्राची. तो याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. ही हकिगत तोच कन्नडमधून लिहिणार होता. शेवटी त्याने क्रिकेटवर लिहिले, म्हणून हा भार माझ्यावर.

फोटोंवरून शिकणारा कार्यक्रम सगळा आपण लिहायचा नसतो. त्यासाठी तयार संच मिळतात, ते उतरवून घ्यायचे आणि वापरायचे. आम्ही असा एक नामांकित संच उतरवून घेतला होता. मित्राच्या लॅपटॉपवर तो लोण्यासारखा चालला. माझ्याकडे मात्र त्याचे नाव घेताच वरचा आरोप, आणि कार्यक्रम गारद.

आता सल्ले सुरू झाले. संगणक बिघडला की प्रत्येक जण वैद्य होतो. कॉलेजातल्या एकाने सांगितले, "रॅम गेली." दुसरा म्हणाला, "धूळ साचली असेल." तिसऱ्याने व्हायरस काढला. एका दुरुस्तीवाल्याने पेटी न उघडताच बोर्ड बदलायला सांगितले आणि बोर्डाची किंमत संगणकापेक्षा जास्त निघाली. आजीने मीठमोहऱ्या ओवाळल्या. खरे तर या सगळ्या उपायांत आजीचा उपाय सर्वांत स्वस्त आणि परिणामाने इतरांच्या तोडीचा होता.

मी रॅम काढली, खोडरबराने तिचे पाय घासले, पुन्हा बसवली. रात्रभर रॅम तपासणारा कार्यक्रम चालू ठेवला. सकाळी पाहतो तर एकही चूक नाही. लिनक्स पुसून नव्याने घातले. पुन्हा तेच. यात आठ दिवस गेले.

त्या आठ दिवसांत एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसत नव्हती. कार्यक्रम दरवेळी त्याच जागी मरत होता, पहिल्याच क्षणी, संचाचे नाव घेतल्याबरोबर. ब्राउझर चालत होता, गाणी वाजत होती, पत्ते खेळता येत होते. रॅम सडलेली असती तर आज इथे, उद्या तिथे, अशी कुठेही ठेच लागली असती. वीजपुरवठा कच्चा असता तर संगणकच बंद पडला असता. ज्याची ठेच रोज त्याच दगडाला लागते त्याचे पाय तपासण्याआधी दगड पाहावा, हे मला एका रविवारी आमच्या दारातल्या पायरीवर खरोखरच ठेचकाळल्यावर सुचले.

मग लिनक्सची रोजनिशी उघडली. यंत्राच्या आत जे जे घडते त्याची नोंद ती ठेवते. तिच्यात पायथनच्या नावापुढे 'ट्रॅप इनव्हॅलिड ऑपकोड' असे लिहिलेले, आणि ते त्या संचाच्याच एका फायलीत घडले आहे असेही. कार्यक्रम संपताना जो आकडा मागे ठेवतो तो होता १३२. त्यातून १२८ वजा केले की ४ उरतात, आणि लिनक्समध्ये चौथ्या क्रमांकाचा सिग्नल म्हणजेच आमची 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. विंडोजवर हाच आजार झाला तर तिथे शून्य एक्स सी आणि शेवटी एक डी असे लांबलचक नाव दिसते, पण रोगी एकच. शेवटी दोष शोधणाऱ्या कार्यक्रमाच्या मदतीने प्रोसेसर नेमका कुठल्या सूचनेपाशी थांबला ते पाहिले. त्या सूचनेच्या नावाच्या सुरुवातीला 'व्ही' हे अक्षर होते. या एका अक्षरात सगळे रहस्य होते.

प्रोसेसरला जन्मतः काही सूचना कळतात: बेरीज कर, हा आकडा तिकडे ठेव, हे त्याच्याशी ताडून पाहा. त्याच्या पिढीच्या कारखान्यात जेवढ्या सूचना सिलिकॉनवर कोरल्या तेवढीच त्याची भाषा. पुढे ती शिकवता येत नाही. दर काही वर्षांनी नवी पिढी येते आणि भाषेत भर पडते. १९९९ च्या पेंटियम थ्रीमध्ये एसएसई आले, २००० च्या पेंटियम फोरमध्ये एसएसई टू. २०११ च्या प्रोसेसरांबरोबर एव्हीएक्स आले, ज्यातल्या सूचनांची नावे त्या 'व्ही' अक्षराने सुरू होतात. माझा संगणक कोअर टू डुओ, २००९ चा. एव्हीएक्सचा त्याला गंधही नाही.

या सूचना कशासाठी, हे बाबांना समजावताना मला कुरी आठवली. एसएसईची कुरी चार फणांची: १२८ बिटांच्या खोक्यात ३२ बिटांचे चार आकडे बसतात आणि एका फेऱ्यात चारही पेरले जातात. एव्हीएक्सचे खोके २५६ बिटांचे, म्हणजे आठ फणांची कुरी. फोटो ओळखणे म्हणजे लाखो गुणाकार-बेरजा, तिथे आठ फणांचा फायदा उघड आहे. म्हणून संच बांधणाऱ्यांनी तो आठ फणांच्या हिशेबानेच बांधला. बाबा म्हणाले, "खरं आपल्याकडं चारचीच कुरी हाय की." हेच, एवढेच झाले होते.

(खरं म्हणजे 'पण', हे पुण्याकडच्या वाचकांसाठी.)

माझ्या मनात एक शंका उरली होती. एखादा शब्द कळला नाही तर आपण तो गाळून पुढचे वाक्य वाचतो. प्रोसेसरने तसे का करू नये? त्याचे उत्तर मला फार आवडले. या जातीच्या प्रोसेसरांत सूचनांची लांबी सारखी नसते, एक बाईटपासून पंधरा बाईटपर्यंत काहीही असते. जी सूचना ओळखूच येत नाही ती कुठे संपते हे त्याला कसे कळणार? अंदाजाने उडी मारली तर मधल्याच अक्षरावर पाय पडेल आणि तिथून पुढे भलताच अर्थ लागेल. शिवाय गाळलेल्या बेरजेवर पुढची दहा गणिते उभी असतात. खोटे उत्तर देण्यापेक्षा तो थांबतो आणि लिनक्सच्या हवाली करतो, आणि लिनक्स तो कार्यक्रम बंद करते. माझा मित्र म्हणाला, "तुझा प्रोसेसर बेकायदा काही करत नाही. तो फक्त म्हणतो, गोत्तिल्ला." कन्नडचा इतका नेमका उपयोग मी तोवर ऐकला नव्हता. 'इल्लीगल' हा शब्दच मुळी चुकीचा. ज्याने तो पहिल्यांदा वापरला त्याला गोत्तिल्ला ठाऊक असते, तर बाबांची एक रात्रीची झोप वाचली असती.

इथे मला थोडे विषयांतर करू द्या. आमच्या जमिनीचा उतारा संगणकातून निघतो आणि तो कन्नडमध्ये असतो. बाबांना बाजारापुरते कन्नड छान बोलता येते, वाचता मात्र येत नाही. मी शाळेत कन्नड शिकलो म्हणून घरी आणल्यावर मी वाचून दाखवतो. मी लहान असताना एकदा बाबा एका खिडकीपाशी अर्ज हातात घेऊन बराच वेळ उभे होते. अर्ज कोरा होता. मागच्या माणसाने घाई केली, तसे ते बाजूला झाले आणि अर्ज घडी घालून खिशात ठेवून घरी आले. आईने विचारले तर म्हणाले, "आज गर्दी होती." बाबा मराठी सातवी झालेले, हिशेबाला पक्के, पानावरचा रोग लांबून ओळखणारे. त्या कोऱ्या अर्जावरून त्यांना कुणी अडाणी ठरवले असेल तर तो न्याय नव्हे. मित्राला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, त्याची अव्वा कोल्हापूरला औषधाला गेली होती तेव्हा मराठी पाटीखाली तशीच उभी राहिली होती, आणि घरी येऊन तिनेही गर्दीच सांगितली होती.

असो. मुद्दा असा की अडचण यंत्राच्या बिघाडाची नव्हती, गृहीत धरण्याची होती. आणि विचारण्याची सोय नाही असेही नाही. १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरला 'तुला काय काय येते?' असे विचारणारी एक सूचनाच आहे, तिचे नाव सीपीयूआयडी. शहाणे कार्यक्रम सुरू होताना तो प्रश्न विचारतात, आणि आठ फणांची कुरी असेल तर ती, नसेल तर चारची जुंपतात. दोन्ही मार्ग आत ठेवल्याने फाईल थोडी जाड होते, बांधणाऱ्याला तपासणी दुप्पट करावी लागते. लिनक्सच्या मूळ ग्रंथालयात ही रीत आहे, पायथनमधल्या नमपायने ती पाळली आहे. पण सगळेच एवढे कष्ट घेत नाहीत.

घेत नाहीत याची कारणेही मी समजून घेतली, कारण रागावणे सोपे असते. क्रोमने २०१४ मध्ये एसएसई टू नसलेले प्रोसेसर सोडले, २०२१ मध्ये एसएसई थ्री नसलेले. फायरफॉक्सने विंडोजवर २०१६ मध्ये, लिनक्सवर २०१७ मध्ये एसएसई टू अनिवार्य केले. मोंगोडीबी या माहितीसाठ्याची ५.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली ती एव्हीएक्स मागतच आली. विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट नसलेल्या यंत्रावर सुरूच होत नाही. माझ्या कोअर टू डुओचे त्यात बसण्याचे काम नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची यंत्रे सांभाळत बसलो तर नव्यांचा वेग दवडतो, असे त्यांचे म्हणणे, आणि ते अगदीच खोटे नाही. निदान आधी जाहीर करून दार बंद केले तर माणूस दुसरे दार शोधतो. जाहीर न करता, किंवा बारीक अक्षरात जाहीर करून, उंबऱ्यावर 'इल्लीगल' म्हणून फेकून देणे मला पटत नाही. 'या कार्यक्रमाला एव्हीएक्स लागते, ते तुमच्या यंत्रात नाही' एवढे एक वाक्य छापले असते तर माझे आठ दिवस वाचले असते.

मग उपाय. पहिला विचार अर्थातच नवा संगणक. दुकानात गेलो तर दुकानदाराने एक पेंटियम जी२०२० दाखवला. "हा २०१३ चा आहे, एव्हीएक्स २०११ ला आले म्हणता, मग चिंता कसली?" त्याचा हिशेब बिनतोड वाटला, पण मी एव्हाना दुधाने तोंड पोळलेला. दुकानातच पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि प्रोसेसरची माहिती छापून घेतली. त्यात 'फ्लॅग्ज' या शब्दापुढे त्याला येणाऱ्या कलांची मोठी यादी असते. एसएसई ४.२ होते, एव्हीएक्स नव्हते. त्या पिढीत पेंटियम आणि सेलेरॉन या स्वस्त नावांच्या प्रोसेसरांतून एव्हीएक्स वगळलेले होते. जन्मसालावरून विद्या ठरत नाही, ही गोष्ट दुकानदारालाही नवी होती. त्याने चहा मागवला आणि ती आज्ञा कागदावर लिहून घेतली.

दुसरा उपाय दुभाष्याचा. प्रोसेसरला जी सूचना येत नाही ती मध्ये बसून त्याच्या भाषेत समजावून देणारे कार्यक्रम आहेत. तसा एक आम्ही लावून पाहिला. चालले, पण एका फोटोला चहा पिऊन यावे एवढा वेळ. शिकवायला शेकडो फोटो होते. एवढा चहा येळ्ळुरात नाही.

तिसरा उपाय, संचाचा मूळ मजकूर आणून आपल्याच यंत्रावर, आपल्याच प्रोसेसरच्या भाषेत बांधायचा. हा उपाय तत्त्वतः सर्वांत शुद्ध. संध्याकाळी बांधायला लावले. चार जीबी स्मृती पुरेना म्हणून मध्यरात्री लिनक्सनेच ते काम मारून टाकले. दुसऱ्यांदा एका वेळी एकच फाईल बांध असे सांगून लावले. रात्र गेली, दिवस गेला, पडद्यावर ओळी सरकत होत्या, घरातल्या सगळ्यांना त्याची सवय झाली. आजी देवाला दिवा लावताना एक नजर तिकडेही टाकी. दुसऱ्या रात्री वीज कडाडली आणि दिवे गेले. अंधारात आई म्हणाली, "तुझं ते शिजत होतं न्हवं रे?" मी काही बोललो नाही. सकाळी उठून पुन्हा लावायचा धीर झाला नाही, हे कबूल करतो.

शेवटी चौथा उपाय, जो खरे तर पहिला असायला हवा होता. त्याच संचाची जुनी आवृत्ती शोधली, ज्या काळी एव्हीएक्स गृहीत धरीत नसत. तिला नवा पायथन चालेना म्हणून जुना पायथन वेगळ्या कप्प्यात ठेवला. आम्ही नव्या पद्धतीने लिहिलेला कार्यक्रम तिला निम्माच कळेना, म्हणून मित्र आणि मी चार संध्याकाळी बसून तो जुन्या वळणाने पुन्हा लिहिला. जुन्या आवृत्तीतल्या फटी आता कुणी बुजवत नाही, तेव्हा ते यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवले. फोटो लहान केले, जाळे लहान केले. हे करताना एक गंमत कळली: लहान केलेल्या जाळ्याची उत्तरे मित्राच्या लॅपटॉपवरच्या मोठ्या जाळ्यापेक्षा फार वाईट नव्हती. आम्हाला नांगर हवा होता तिथे आम्ही ट्रॅक्टर मागत होतो.

पहिल्या चाचणीच्या दिवशी मित्र बैलहोंगलहून मुद्दाम आला. बाबांनी सकाळीच वावरातून एक पान खुडून आणून टेबलावर ठेवले होते. मी फोटो काढला, केबलने संगणकात घातला, कळ दाबली. पंखा गुरगुरला. घरातले सगळे मागे उभे. आरोप काही झाला नाही. थोड्या वेळाने पडद्यावर उमटले: करपा, आणि पुढे आकडा, ०.८७.

"म्हणजे?" आजीने विचारले.

"म्हणजे शंभरात सत्त्याऐंशी खात्री आहे म्हणतो," मी सांगितले.

मित्राने माझ्या पाठीवर थाप मारली. बाबांनी ते पान उचलले, उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिले आणि फवारणीचा पंप घ्यायला परसात निघाले. जाता जाता म्हणाले, "करपाच हाय की. मी सकाळीच बोललो हुतो."